नदीखोऱ्यातील धावण्याच्या वाटा व प्राथमिक शाळा
(प्राथमिक शिक्षक संमेलनातील भाषण)



शारीरिक शिक्षणाचा तास प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात लिहिलेला असतो; परंतु तो घ्यावा कोठे, हा प्रश्न अनेक शाळांपुढे उभा राहतो. डोंगराळ भागातील शाळेची इमारत बहुधा गावाच्या एका टोकास, उताराच्या जागी किंवा देवळाच्या शेजारी असते. अंगण एवढे आखूड की, चाळीस मुले रांगेत उभी राहिली म्हणजे हात पसरण्यास जागा उरू नये. बालकांच्या शिक्षणहक्काचा जो कायदा २००९ साली झाला, त्याच्या अनुसूचीत शाळेस क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. हे म्हणणे सर्वथैव रास्त आहे. परंतु डोंगर सपाट करून मैदान काढणे शिक्षकाच्या हाती नसते. परिणामी, तो तास पाढ्यांच्या उजळणीत जातो, आणि मुले सकाळी आली तशीच, अंगास घाम न येता, संध्याकाळी घरी परततात.

या अडचणीचे एक उत्तर शाळेच्या दारापासूनच सुरू होते. ते उत्तर म्हणजे गावाची वाट. मैदान नसेल, परंतु वाट नाही असे गाव नाही. त्यातही जी गावे नदीच्या खोऱ्यात वसलेली आहेत, त्यांच्या भाग्याला तर सीमाच नाही. नदीच्या काठाकाठाने जाणारी, शेतांच्या बांधांमधून वळणे घेणारी वाट ही मुलांच्या पायांस सोसेल अशी आणि डोळ्यांस कधी कंटाळा न येणारी धावपट्टी होय. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून सातारा जिल्ह्यातील वाईचे कृष्णाखोरे उदाहरणादाखल घेतले आहे. परंतु जे वाईस लागू, ते थोड्याफार फरकाने कोणत्याही खोऱ्यास लागू पडेल.

खोऱ्याची घडण

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर उगम पावते. अरबी समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर असावा असे वाटते; परंतु नदी त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते आणि सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. या प्रवासाचे पहिले पाऊल म्हणजे वाईचे खोरे. शिरोभागी जोरसारखी लहान गावे, त्यांच्या खाली बलकवडीचे धरण, पुढे धोमचा विस्तीर्ण जलाशय, आणि त्यानंतर धोम, मेणवली व वाई ही नदीकाठची जुनी वस्ती. उत्तरेस पांडवगड व मांढरदेवाची रांग, दक्षिणेस पाचगणी व महाबळेश्वरचा डोंगर. या दोन भिंतींमध्ये खोरे पसरले आहे.

या भिंतींकडे नीट पाहिले तर त्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. लक्षावधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. पाण्याने तो झिजवला, आणि कठीण थर पायरीसारखे पुढे राहिले. माथ्यावर जांभा दगडाची टोपी आहे. पाचगणीचे टेबललँड हा तिचाच प्रसिद्ध नमुना. ही घडण ध्यानी घेतली म्हणजे धावण्याच्या वाटा कोठे शोधाव्यात ते आपोआप कळते. नदीने गाळ पसरून काठची जमीन जवळजवळ सपाट केली आहे. तेथील वाटांस चढ अगदी सौम्य असतो. काठापासून डोंगराकडे वळले की, पायरीगणिक श्वास वाढतो. तळची वाट लहानांसाठी, मधली थोरल्या मुलांसाठी आणि घाटाची वाट प्रौढ, सरावाच्या धावकांसाठी, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे.

तीन वाटा

पहिली वाट वाई नगरातील घाटांची. कृष्णेच्या काठी येथे सात घाट आहेत. हिवाळ्यात घाटाघाटांवर कृष्णामाईचा उत्सव होतो. सूर्योदयाच्या वेळी, पायऱ्या न उतरता, घाटामागील आळ्यांमधून संथपणे धावत गेले तर पाऊण तासात नगराचा निम्मा इतिहास डोळ्यांखालून जातो. ढोल्या गणपतीच्या देवळापाशी मुलांस अवश्य थांबवावे. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविले. त्याच्या मागील बाजूची भिंत सरळ नसून माशासारखी निमुळती आहे. "ही भिंत अशी का?" एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर सांगू नये. नदीकडे व भिंतीकडे आळीपाळीने पाहता पाहता कोणीतरी मुलगा अगर मुलगी सांगेल की, पुराचे पाणी दोहों अंगांस वाटले जावे म्हणून. त्या क्षणी जे ज्ञान होते, ते फळ्यावरून झालेले नसते.

दुसरी वाट मेणवलीची. वाईपासून हे गाव सुमारे ३ किलोमीटरांवर आहे. वाटेच्या दोन्ही अंगांस शेते. कोठे ऊस, कोठे ज्वारी, कोठे हळद. वाईची हळद पूर्वापार नावाजलेली. माघ-फाल्गुनाच्या सुमारास हळकुंडे शिजविण्याचे काम चालू असले म्हणजे वास दुरूनच येतो, आणि उन्हात पसरलेल्या हळकुंडांनी जमीन पिवळी दिसते. मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा, आणि त्याच्यामागे चंद्रकोरीसारखा दगडी घाट. तेथील देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल व बालक येशूस घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात आल्या. त्यांपैकी ही एक. समुद्रकाठची घंटा नदीकाठी कशी आली, हे ऐकण्यास धावून आलेली मुले विलक्षण उत्सुक असतात. कारण घाम आलेला असतो, वारा लागत असतो, आणि बसून ऐकण्याची इच्छा आपोआप झालेली असते.

तिसरी वाट मेणवलीहून भोगाववरून धोमपर्यंतची. वाईपासून धोम सुमारे ८ किलोमीटर. हे अंतर लहान मुलांनी धावण्याचे नव्हे; ते सहलीचे, थोडे धावणे व बरेचसे चालणे असे करण्याचे आहे. धोमच्या देवळात दगडी कुंड आहे, व त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसविलेला आहे. कुंडात पाणी भरले म्हणजे कासव नंदीस पाठीवर घेऊन तरंगत आहे असा भास होतो. गावाच्या वर धरणाची भिंत आहे. तेथील प्रवेशाचे नियम पाळावेत, परंतु दुरून का होईना, तो जलाशय मुलांस दाखवावा. मेणवलीच्या घाटाखालून वाहणारे पाणी आणि आपल्या शेताच्या पाटात येणारे पाणी यांचे नाते त्यांस तेथे उमगते. या वाटेने सकाळी पश्चिमेकडे निघाले म्हणजे सूर्य पाठीशी राहतो व डोळे दिपत नाहीत. परत येताना तो समोर असतो, म्हणून परतीचा प्रवास वाहनाने किंवा सावलीच्या बाजूने चालत करावा.

याशिवाय पसरणीच्या घाटाची वाट आहे. शाहीर कृष्णराव साबळे यांचे जन्मगाव पसरणी हे या घाटाच्या पायथ्याशी. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १३०० मीटरांवर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत ६०० मीटरांचा चढ. वरून खोऱ्याचे जे दर्शन घडते, त्यास तोड नाही. परंतु हा रस्ता वर्दळीचा, वळणांचा. तेथे शाळेची मुले धावत नेणे हे साहस नसून अविचार होय. साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटातून २०१२ पासून अर्ध्या मॅरेथॉनची जी स्पर्धा भरत आली आहे, तीत त्या वेळेपुरती वाहतुकीची व्यवस्था केलेली असते व भाग घेणारे प्रौढ असतात. तिचे अनुकरण प्राथमिक शाळेने करण्याचे कारण नाही.

वाटांचे पूर्वजीवन

मेणवलीच्या वाड्यात नाना फडणविसांचे दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या जतन झाले. त्यातील कागद इतिहासाच्या अभ्यासकांनी वाचले; परंतु ते कागद येथवर आले कसे, याचा विचार क्वचितच होतो. पेशवाईत पत्रे नेणारे जासूद व काशीद असत. त्यांचे वाहन म्हणजे त्यांचे पाय. खोऱ्याखोऱ्यांतून, नदी जेथे उथळ असेल तेथे ओलांडून, खिंडीतून वर चढून ही माणसे मजल दरमजल करीत. पुढे टपालाचे हरकारे आले. त्यांच्या भाल्यास घुंगरू बांधलेले असत, आणि त्यांचा आवाज ऐकून गावास टपाल आल्याचे कळे. आज ज्या वाटेवर गवत वाढले आहे, तिच्यावरून एके काळी राज्याचे निरोप धावत गेले असतील, ही कल्पना मुलांस सांगितली म्हणजे वाटेकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच पालटते.

वाट मिटते आहे

परंतु येथेच विषयाचा दुःखद भाग सुरू होतो. एक साधा प्रयोग कोणत्याही शाळेत करून पाहता येईल. चौथीच्या मुलांस कागद द्यावा आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट काढण्यास सांगावे. जी मुले चालत येतात, त्यांच्या कागदावर ओढा असतो, उंबराचे झाड असते, भुंकणारे कुत्रे असते, पाय घसरतो ती जागा असते, आणि ज्या आजी हाक मारतात त्यांचे घरही असते. जी मुले मोटारसायकलवर किंवा जीपमध्ये बसून येतात, त्यांच्या कागदावर बहुधा दोन चौकोन व त्यांस जोडणारी एक रेघ एवढेच असते. एक चौकोन घर, दुसरा शाळा. मधला गाव त्यांनी पाहिलेलाच नसतो.

यात पालकांचा दोष नाही. डांबरी रस्त्यावर वाहने भरधाव जातात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरांची रांग लागते. मूल सुखरूप पोहोचावे म्हणून त्यास वाहनावर बसविले जाते. ज्या पाणंदीवरून, शिवेवरून, बांधावरून ते पूर्वी निर्धास्त जाई, ती वाट मात्र कोणी जात नाही म्हणून अरुंद होते. प्रथम बाभळीची फांदी आडवी येते. मग कोणी काट्यांचे कुंपण दोन हात पुढे सरकवतो. मग नांगराचे एक तास वाटेवर चढते. दहा वर्षांनी तेथे वाट होती हे सांगणारी फक्त म्हातारी माणसे उरतात. वाट कोणी एका दिवसात चोरीत नाही; ती न चालल्यामुळे मरते.

गावचा नकाशा मात्र विसरत नाही. त्याच्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेले असतात. पाणंद रस्त्यांच्या कामासाठी शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आखली, यावरून या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी यावे. अडविलेल्या वाटेचा वाद हा महसुली अधिकाऱ्यांचा विषय होय. शिक्षकाने त्यात वादी वा प्रतिवादी होऊ नये. परंतु एक गोष्ट शिक्षक करू शकतो, आणि ती कोणताही हुकूम करू शकत नाही. आठवड्यातून दोन सकाळी जर तीस मुले त्या वाटेवरून धावली, तर तेथे गवत वाढत नाही. आडवी आलेली फांदी कोणी न सांगता तोडली जाते. आपल्याच नातवंडांच्या पायांखालच्या वाटेवर काटे टाकण्यास कोणाचा हात धजत नाही.

शाळेस वाटेची गरज आहे, हे सर्वांस दिसते. वाटेसही शाळेची तेवढीच गरज आहे, हे या भाषणाचे मुख्य सांगणे होय.

वाट निवडावी कशी

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. शिक्षकाने प्रथम एकट्याने, एका रविवारी सकाळी, दोन-तीन वाटा स्वतः चालून पाहाव्यात. सोबत गावातील एखादा जाणता गुराखी किंवा शेतकरी असल्यास उत्तम. कारण कोणता ओढा केव्हा भरतो, कोणत्या विहिरीस कठडा नाही, कोणत्या झाडावर आग्यामोहोळ बसते, हे तोच सांगू शकेल. वाट शाळेपासून निघून शाळेपाशीच परत यावी. तिच्यावर डांबरी रस्ता ओलांडण्याची वेळ शक्यतो येऊ नये. आलीच तर एकदाच यावी, व तेथे मोठे माणूस उभे असावे. धावण्यास मुरमाची किंवा मातीची जमीन बरी. खडी पसरलेला रस्ता व काँक्रीट टाळावे. वाट नदीच्या काठाने असावी, पात्रातून नव्हे. धरणाच्या खाली राहणाऱ्या गावांनी हा नियम कधीही मोडू नये. वर पाणी सोडले म्हणजे कोरडे दिसणारे पात्र पाहता पाहता भरते. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी काठावरही जाऊ नये.

वाट ठरली की ती मोजावी. खिशातील मोबाइल फोन अंतर सांगतो खरा. परंतु मुलांकडून मोजवून घेणे अधिक फलदायी. सायकलच्या चाकाभोवती दोरी गुंडाळून परीघ काढावा, चाकावर खडूची खूण करावी आणि सायकल हाती धरून चालत फेरे मोजावेत. मोठ्या सायकलचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर भरतो. म्हणजे साडेचारशेच्या आसपास फेरे झाले की एक किलोमीटर झाला. मोजणीत चूक होते, पुन्हा मोजावे लागते, दोन गटांची उत्तरे जुळत नाहीत. आणि ती का जुळत नाहीत यावर जो वाद होतो, तो गणिताचा उत्तम पाठ असतो. प्रत्येक २५० मीटरांवर एखादी कायमची खूण ठरवावी : मोठा दगड, वड, पाटाचा पूल. खुणांस नावे मुलांनीच द्यावीत.

किती धावावे, याबाबत घाई नको. पहिली-दुसरीच्या मुलांचे धावणे म्हणजे खेळच. दोन-चारशे मीटर धावावे, थांबावे, पुन्हा धावावे. तिसरी ते पाचवीपर्यंत एक ते दीड किलोमीटर, मधे चालणे मिसळून. सहावी-सातवीस हळूहळू दोन-तीन किलोमीटर. वेगाची कसोटी सोपी आहे : धावताना शेजारच्या मुलाशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल हवी. धावणे हा त्यातील एक भाग. उरलेला भाग खेळ, चालणे व घरकाम यांतून भरून निघतो.

धावण्याचा तास सकाळचा, उन्हे वर येण्यापूर्वीचा असावा. जेवणानंतर लगेच धावू नये. परंतु उपाशीही धावू नये. जे मूल काही न खाता शाळेत आले असेल, त्यास प्रथम शेंगदाणे, गूळ किंवा भाकरीचा तुकडा मिळेल अशी तजवीज करावी. पाणी प्रत्येकाने सोबत आणावे. ओढ्याचे पिऊ नये. दम्याचा, हृदयाचा किंवा इतर आजार असलेल्या मुलांची माहिती पालकांकडून आधीच घ्यावी व वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे वागावे. अशा मुलांस बाजूस बसवू नये. वेळ नोंदविणे, खुणा तपासणे, पक्षी मोजणे ही कामे त्यांची. पावसाळ्यात उंच गवतातून नेऊ नये. फुरसे व घोणस यांचे भय असते. पुढे एक मोठा माणूस, मागे एक मोठा माणूस, आणि मधे मुले, ही रीत मोडू नये. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक वर्गावर राहिला तर दुसऱ्याच्या जोडीस पालक किंवा माता-पालक घ्यावेत. पालकांची व शाळा व्यवस्थापन समितीची संमती लेखी असावी.

पायांत बूट नाहीत म्हणून कोणासही मागे ठेवू नये. तळची मातीची वाट त्याचसाठी निवडायची. मात्र काच व काटे यांसाठी धावण्यापूर्वी वाट पाहून घेणे हे थोरल्या मुलांचे पाळीचे काम असावे.

सर्वात मागचे मूल

या उपक्रमास शर्यतीचे रूप देण्याचा मोह आवरावा. शर्यतीत एक मूल जिंकते व एकोणतीस हरतात. चार आठवड्यांनी त्या एकोणतिसांपैकी दहाजणांच्या पोटात धावण्याच्या दिवशीच दुखू लागते. नियम उलट असावा : सर्वात मागचे मूल खुणेच्या दगडापाशी पोहोचेपर्यंत पुढच्यांनी थांबावे. त्या थांबण्याच्या दोन मिनिटांत पुढच्या मुलांनी काहीतरी पाहून ठेवावे व मागच्यांस दाखवावे. वाळुंजाच्या फांदीवर बसलेला खंड्या, चिखलात स्तब्ध उभी असलेली ढोकरी, हिवाळ्यात दुरून आलेला व सतत शेपटी हलविणारा धोबी, फाल्गुनात फुललेला पळस. जो पुढे धावतो तो केवळ वेगवान न होता डोळसही होतो. आणि जो मागे राहतो, त्याची कोणीतरी वाट पाहत असते, हे त्यास कळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा याहून चांगला मिळणार नाही.

मुलींविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. चौथीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने, कित्येकदा पुढेही धावतात. सातवीच्या सुमारास त्या एकेक करून कमी होतात. कोणी त्यांस मनाई केलेली असतेच असे नाही; घरी पाणी भरायचे असते, धाकट्या भावास सांभाळायचे असते, आणि "आता मोठी झालीस" हे वाक्य कानावर पडलेले असते. अशा वेळी ज्या वाटेवरून ती चार वर्षे सर्वांबरोबर धावली, ती वाट तिच्या ओळखीची असते, आणि गावही तिला त्या वाटेवर पाहण्यास सरावलेले असते. सातारा जिल्ह्यातीलच माण तालुक्याच्या मोही या गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीस पात्र ठरली व दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर, म्हणजे १९८४ नंतर, धावपट्टीवरील अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी भागातून आलेल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०००० मीटरांत कांस्यपदक मिळविले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटरांवरील शाळेत पायी जात-येत असे. त्याने २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले.

ही नावे मुलांस अवश्य सांगावीत. परंतु प्रत्येक शाळेतून असा धावक निघावा ही अपेक्षा धरू नये. शंभर मुलांतील नव्व्याण्णव शेतकरी, कारागीर, शिक्षिका, परिचारिका, सैनिक, गृहिणी होतील. त्यांच्याकरिताच हा उपक्रम आहे. चाळिसाव्या वर्षी गुडघे व श्वास शाबूत असावेत, मन उदास झाले तर उठून नदीकाठी जाऊन यावे असे वाटावे, आणि गावाच्या वाटेवर कोणी कुंपण सरकवले तर "येथून आम्ही शाळेत असताना धावत होतो" असे चारचौघांत सांगता यावे, एवढे फळ पुष्कळ झाले.

उपसंहार

यासाठी स्वतंत्र अनुदानाची आवश्यकता नाही, नवीन साहित्याचीही नाही. येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक शाळेने आपली एक वाट निवडावी. मुलांनी मोजलेला, त्यांनीच काढलेला तिचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावावा. त्यावर अंतर, खुणांची नावे व धोक्याच्या जागा लिहाव्यात. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी व ग्रामसभेत मुलांनी ती वाचून दाखवावी. गावच्या जुन्या नकाशातील तुटक रेषेशी ती वाट जुळते काय, हे तेथेच पाहिले जाईल. आणि जुळत असेल, तर शाळेच्या भिंतीवरील तो कागद त्या वाटेचा सर्वात बोलका साक्षीदार ठरेल.

कृष्णा वाईपाशी फार रुंद नाही. एखादा मुलगा काठावरून दगड भिरकावतो, तो पलीकडे पडतो. परंतु हीच नदी पुढे चार राज्यांच्या भूमीस स्पर्श करून सागरास मिळते. मुलांचे पहिले धावणेही तसेच लहान असते : शाळेच्या दारापासून उंबरापर्यंत, उंबरापासून पाटाच्या पुलापर्यंत. ते पुढे कोठे जाईल, हे शिक्षकाने ठरवावयाचे नाही. त्याने इतकेच पाहावे की, दार उघडे आहे आणि वाट मोकळी आहे.